जरीपटका आणि एक जुना विनोद

मागच्या महिन्यात माझा भाचा मोबाइल नाचवत आला. "मामू, ये देखो." एक विनोदवीर मंचावरून समोरच्या मुलाला विचारतो, कुठून आलास? मुलगा म्हणतो, उल्हासनगर. विनोदवीर अजून काही बोललेलाही नाही आणि सभागृह हसायला लागतं. पुढचा विनोद मी न ऐकताच सांगू शकलो असतो. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद माझ्या भाच्याच्या बापाच्या लग्नाआधीचा आहे. त्या विनोदवीराचं नाव इथे घेत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी हेच झालं असतं.

खरं सांगायचं तर मीही हसलो. आणि मग मला जरीपटका आठवला.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. पण नागपुरात हा शब्द उच्चारला की कुणाच्या डोळ्यासमोर निशाण येत नाही. येते ती उत्तर नागपुरातली सिंधी वस्ती, कापडाची दुकानं, सकाळचं दाल-पकवान, चेटीचंडची मिरवणूक. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या माणसांनी वसवलेला हा भाग. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होतं, आणि ही माणसं इथे आली तेव्हा त्यांच्याजवळ हिशेब करता येणारं डोकं सोडलं तर फारसं काही नव्हतं.

1988 च्या सुमारास कॉलेजातला माझा एक मित्र जरीपटक्यात राहायचा. त्याच्या दुकानात आमचा अड्डा असे. एका दुपारी मी तो सापाचा विनोद सांगितला. रस्त्यात साप आणि सिंधी एकदम भेटले तर आधी कुणाला मारावं, तो. वाचकांना तो माहीत असणार, म्हणून पूर्ण लिहीत नाही. मित्र हसला. मागे गाठोड्यांच्या आड त्याचे आजोबा बसलेले होते, ते मला दिसलेच नव्हते. तेही हसले आणि म्हणाले, "बेटा, ये तो मैंने कल्याण कैंप में सुना था. तब नया था."

माझे कान तापले. पण ते रागावले नव्हते. त्यांनी मला चहा पाजला आणि ते शिकारपूरचं बोलू लागले.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण विनोद कुठून आला ते त्याशिवाय कळत नाही. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणजे मुंबई त्यांना परकी नव्हती. 1947 मध्ये पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सुरुवातीला तिथे पंजाबसारखी कत्तल झाली नाही. पण भारतातून गेलेल्या निर्वासितांची गर्दी वाढली, घरांवरून ताण वाढला, आणि 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली. त्यानंतर जहाजं भरभरून माणसं मुंबईला उतरली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं गेलं. त्याच छावणीचं 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर झालं.

दंगल करणाऱ्यांत आणि घरं बळकावणाऱ्यांत मुसलमान होते, हे आपण स्पष्ट म्हटलं पाहिजे. तसंच हेही, की त्यातले कित्येक स्वतः दिल्ली आणि उत्तर प्रदेशातून उठून गेलेले होते.

इकडे आलेल्या सिंध्याला शेती नव्हती, ओळखपाळख नव्हती. त्याने रेल्वेत गोळ्या-बिस्किटं विकली, फुटपाथवर कापड मांडलं. धंद्याचं गणित एकच: नफा कमी, उठाव जास्त. ज्या वस्तूवर जुना दुकानदार दोन आणे कमवायचा ती हा अर्ध्या आण्यावर सोडायचा. गिऱ्हाईक खूश, बाजारपेठ नाराज. सिंधी खोटा माल विकतो, सिंधी विश्वासाचा नाही, सिंध्यापेक्षा साप बरा, हे सगळं त्या नाराजीतून आलेलं आहे असं मला वाटतं. गंमत म्हणजे सापाचा विनोद देशभर फिरतो, फक्त सिंध्याच्या जागी प्रत्येक प्रांत आपापला नावडता माणूस बसवतो.

आणि सिंधी चिडला नाही. का चिडला नाही? 1956 मध्ये भाषेवर राज्यं झाली, 1960 मध्ये आपलं महाराष्ट्र झालं. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायलाच 1967 उजाडलं, आणि राज्य तर मिळणारच नव्हतं. ज्याच्या नावाचं राज्य नाही त्याच्या अस्मितेचा पक्ष निघत नाही, आणि ज्याचा पक्ष नाही त्याच्यासाठी कुणी खुर्च्या तोडत नाही. म्हणून तो हसला.

हे मी का सांगतो आहे? कारण गेल्या दहा वर्षांत विनोद आणि भावना दुखावणं यावर आपण इतकं बोललो, पण माफी कुणाला मिळते याकडे फारसं पाहिलं नाही.

मुनव्वर फारुकीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात आपण मुसलमान दोन्ही बाजूंनी सापडतो. 1 जानेवारी 2021 ला इंदूरमध्ये त्याचा कार्यक्रम बंद पाडून त्याला अटक झाली. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. 5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. महिनाभराहून अधिक काळ एक पोरगा तुरुंगात राहिला. त्या दिवसांत आमच्या घरी, मोमिनपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे एकच चर्चा होती: विनोदासाठी तुरुंग? तो राग खरा होता आणि योग्य होता. आजही मी तेच म्हणेन.

मग ऑगस्ट 2024 आला. बिग बॉस जिंकून मुनव्वर आता मोठा तारा झालेला. एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी बोलता बोलता त्याने कोकणी माणसांबद्दल एक शिवीवजा वाक्य टाकलं. ती क्लिप पसरली, वेगवेगळ्या पक्षांचे नेते उभे राहिले, इशारे आले, आणि 12 ऑगस्टला व्हिडिओ टाकून त्याने माफी मागितली. दुखावण्याचा हेतू नव्हता, प्रेक्षकांशी गप्पा चालल्या होत्या, असं त्याचं म्हणणं. हेतू नसेलही. पण रायगड-रत्नागिरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोकणी मुसलमान आहेत. माझे काही वाचक तिथलेच आहेत. त्या वाक्यात तेही होते. आमच्या टपरीवर मात्र त्या वेळी चर्चा होती ती "पुन्हा त्यालाच का धरतात" एवढीच. धमक्या देणारे चूकच होते. पण वाक्य चूक होतं की नाही, हे आम्ही एकमेकांना विचारलंच नाही.

कोकणाला माफी लगेच मिळाली. सरदारजींवरच्या विनोदांविरुद्ध 2015 मध्ये एक वकील बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 2017 मध्ये न्यायालयाने सांगितलं की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. ते मला पटतं. कायद्याने विनोद आवरायला गेलं की पहिला हात कुणावर पडतो ते इंदूरने दाखवलं.

पण मग 2025 बघा. फेब्रुवारीत 'इंडियाज गॉट लेटेंट'वर गदारोळ झाला तो आई-वडिलांवरच्या एका अश्लील प्रश्नावरून. मंत्री बोलले, पोलीस हलले, सगळे भाग उतरवले गेले. त्याच समय रैनाने पूर्वी दोन महिन्यांच्या बाळाच्या 16 कोटींच्या इंजेक्शनवर विनोद केला होता. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी नावाचा आजार, पैसे लोकांकडून गोळा करायचे. त्यावर कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. त्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ऑगस्टमध्ये न्यायालयाने रैना आणि इतर विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगितली. आजारी बाळाच्या आईबापांपाशी ना मोर्चा होता, ना मतपेटी.

उलट बाजूही आहे. ज्या खारच्या हॅबिटॅटमध्ये लेटेंटचं चित्रीकरण व्हायचं, तिथेच कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केलं म्हणून मार्चमध्ये तोडफोड झाली. उपमुख्यमंत्र्याची थट्टा आणि आजारी बाळाची थट्टा या दोन गोष्टी एकाच 'आक्षेपार्ह विनोद' नावाच्या पोत्यात घालता येत नाहीत. तमाशातला सोंगाड्या राजाची टोपी उडवायचा तो राजा समोर बसलेला असताना. ज्याचे लाखो चाहते आहेत तो आज स्वतःच एक छोटा राजा आहे. त्याच्या वाक्यामुळे उद्या कुठल्या शाळेत कुठल्या पोराला कुठल्या नावाने हाक मारली जाईल, हे त्याला दिसत नाही. मला निदान गाठोड्यांच्या मागचे आजोबा दिसले होते.

सूरह हुजुरातची अकरावी आयत आपण मुलांना शिकवतो. एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करू नये, ते त्यांच्यापेक्षा चांगले असू शकतील. वाईट नावं ठेवू नयेत. आपली थट्टा झाली की ती आपल्याला पटकन आठवते. सापाचा विनोद सांगताना 1988 मध्ये मला ती आठवली नव्हती, आणि मी ती पाठ केलेली होती.

ती क्लिप बघितल्यावर मी जरीपटक्यात गेलो. मित्र आता दुकान सांभाळतो, आजोबा कधीच गेले. मी क्लिप दाखवली. त्याने ती आधीच पाहिलेली होती. त्यांच्या समाजाच्याच ग्रुपवर आली होती. "हसना पड़ता है यार," म्हणाला, "दुकान चलानी है."

मग त्याने कपाटातून आजोबांची वही काढली. सिंधी, अरबी वळणाच्या लिपीत. त्याच्या घरात ती आता कुणाला वाचता येत नाही, मुलं देवनागरीतच शिकली. मला मदरशातलं आणि उर्दूचं वळण ठाऊक, म्हणून अक्षरं लागत होती. काहींवर चार-चार नुक्ते, तिथे मी अडखळायचो. मी उच्चार करायचो, अर्थ मला कळत नव्हता. तो ऐकायचा आणि अर्थ सांगायचा. पहिली काही पानं नागपूर स्टेशनवरच्या गोळ्या-बिस्किटांची होती. कोणाकडून किती येणं आहे. एक हमाल, चार आणे. एक टांगेवाला, सहा आणे. बऱ्याच नावांपुढे त्यांनी रेघ मारून एकच शब्द लिहिला होता. मी तो तीनदा वाचला तेव्हा मित्राला लागला. सोडून दिलं.