परसातली पत्री

हरितालिकेच्या दिवशी खंडेराव मार्केटमध्ये पत्रीची जुडी विकत घेताना आमच्यापैकी अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : ही आपण विकत कधीपासून घ्यायला लागलो? जुडी सोडली की आत आघाडा निघतो, थोड्या दूर्वा निघतात, शमीच्या नावाने काहीतरी काटेरी निघते, आणि उरलेली पाने कुठल्या कुंपणाची ते विकणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी पूजेत एकेक नाव घेतले जाते आणि आपण हाताला लागेल ते पान वाहतो. बाप्पा समजून घेतात. पण शेजारी बसलेली नात विचारते, "यातला मरवा कुठला?" तेव्हा आपण एकमेकांकडे पाहतो.

एकवीस पत्रींची ती यादी म्हणजे एका नांदत्या घराच्या परसाची आणि त्याच्या आसपासच्या रानाची नोंद आहे. तुळस, जाई, मरवा, डाळिंब, कण्हेर ही घरात लावलेली. आघाडा, माका, धोत्रा, रुई, डोरली, विष्णुक्रांता ही पावसाने आपोआप उगवलेली. बेल, शमी, पिंपळ, बोर, अर्जुन, अगस्ती, केवडा ही देवळाच्या आवारातली, नदीकाठची, शेताच्या बांधावरची. देवदार तेवढा लांबचा. म्हणजे पत्री गोळा करायची तर मुलांना घराची मागची बाजू, गल्लीचे टोक आणि गावाची वेस या तिन्हींची ओळख असावी लागे. पत्रीची टोपली घेऊन मुलांना पाठवणे ही वनस्पतिशास्त्राची पहिली इयत्ताच होती. या लेखात आम्ही त्या परसाचा, म्हणजे बडोद्यातल्या मराठी घराच्या मागल्या दाराचा, इतिहास मांडणार आहोत. पुढल्या दाराचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे.

१७३४ साली बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, कारागीर अशी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत वाडे उभे राहिले. त्यांतला भाऊ तांबेकरांचा वाडा आजही पाहता येतो. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, आणि त्यांच्या वाड्यातल्या भिंतीवरच्या चित्रांसाठी तो आज संरक्षित वास्तू आहे. सामान्य कारकुनाच्या घराला चित्रे नव्हती, पण रचना ओळखीची होती : पुढे ओटा, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे विहीर, मोरी, तुळशीवृंदावन, गोठा, परस.

इथे भाषेची एक गंमत घडली. आपण ज्याला वाडा म्हणतो ते अख्खे घर, आणि गुजरातीत 'वाडो' म्हणजे घराची मागची मोकळी जागा. मराठी घरातला मुलगा शेजारच्या मित्राला "वाडामां छे" असे सांगे तेव्हा तो परसाविषयी बोलत असे. आपले आळे त्यांचा 'क्यारो', आपला ओटा त्यांचा 'ओटलो', आपला झोपाळा त्यांचा 'हींचको'. ही देवघेव शब्दांपुरती नव्हती. आषाढात शेजारच्या मुली गौरीव्रतासाठी टोपलीत जवारा पेरत आणि पाच दिवस अळणी जेवत. आपल्या घरात अश्विनात घटाखालच्या मातीत धान्य रुजवले जाई. दोन्हीकडची मुले दोन्हीकडचे अंकुर बोटांनी मोजत. मग दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला व्हायचा आणि त्याच्या उतारावर अळीव-मोहरी पेरून हिरवळ आणायची. शेजारच्या मुलांना शिवाजीमहाराजांची पहिली ओळख अनेकदा या चिखलाच्या किल्ल्यावर झाली.

परस हा हौसेचा भाग नव्हता. त्यात घरखर्चाचा हिशोब होता. मोरीचे सांडपाणी केळीला आणि अळवाला जाई, म्हणून पाणी वाया जात नसे आणि मागे दलदलही होत नसे. दोडका, घोसाळे, पडवळ, वाल मांडवावर चढत. कढीलिंब, लिंबू, गवती चहा, ओवा हाताशी असे. शेवगा कुंपणाशी. धर्मानेही या बागेची सोय लावून दिली होती. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमावर पिकलेले खायचे नाही, असा नियम. मग शेतातले धान्य बाद, आणि ताटात येणार ते माणसाच्या हाताने खणून, पेरून, शिंपून वाढवलेले : अळू, भेंडी, दोडका, लाल भोपळा, माठ, मका, सुरण. ज्या घराला परस नाही त्या घराला ऋषीची भाजी नाही. वर्षातून एक दिवस का होईना, बैलाला सुटी आणि माणसाला आपल्या हातांची आठवण देणारे हे व्रत आहे, असे आम्हांला वाटते.

पण या चित्रात सगळेच गोड नव्हते, आणि स्मरणिकेत केवळ गोड लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल. विहिरीचे पाणी शेंदून झाडांना घालणारे हात बायकांचे होते, नाहीतर गड्याचे. पहाटे उठून देवपूजेची फुले काढणारी बहुधा घरातली सोवळी आत्या किंवा काकू असे, जिला स्वतःच्या केसांत त्यांतले एक फूल माळण्याची मुभा नव्हती. पारिजातकाचा सडा वेचून ती परडी देवघरात ठेवी आणि पुन्हा मागल्या दारी जाई. परसाचे सगळे ज्ञान तिच्याकडे होते : कुठल्या पानाचा काढा खोकल्याला, कुठले पान पोटीस बांधायला, कुठली वेल कधी छाटायची. ते ज्ञान कोणी लिहून घेतले नाही, कारण ती शिकलेली नव्हती आणि जे शिकलेले होते त्यांना ते ज्ञान वाटत नव्हते.

या मागल्या दाराचा इतिहास बदलला तो सयाजीराव महाराजांच्या काळात. मालेगावजवळच्या कवळाणे गावातला एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक येऊन १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, गादीवर बसला. शेतात वाढलेल्या त्या मुलाच्या राज्यात चार वर्षांनी, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी शंभराहून अधिक एकरांची कमाटीबाग झाली. ज्यांच्या घराला परस नव्हते त्यांच्या मुलांनाही आता झाडाखाली खेळता येऊ लागले. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने केली. तिथली कर्दळ आणि क्रोटन पाहून मराठी घरांतूनही कुंड्या दिसू लागल्या असतील तर नवल नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजव्याच्या तलावाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आले. नळ घरात आला आणि रहाटाचा आवाज हळूहळू थांबला. बायकांच्या पाठीवरचा एक मोठा भार उतरला. विहिरी मात्र पुढे बुजत गेल्या, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

१८९० मध्ये कलाभवन निघाले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम असे हाताचे शिक्षण तिथे मिळे. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पांढरपेशा घरात रंधा आणि करवत आली ती अशा वाटेने. गणपतीचे मखर, मुलांचा पाळणा, झोपाळ्याची फळी घरीच करण्यात कमीपणा नाही, उलट मिरवण्यासारखे काही आहे, ही भावना बडोद्याच्या मराठी घरात रुजली त्यामागे कलाभवनाचा हात आहे असे आम्ही मानतो. १९०४ च्या कायद्याने बालविवाहाला आळा घालण्याचा प्रयत्न झाला, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचे आणि मोफत झाले, १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय उघडले. ज्या आत्याच्या हाती केवळ परडी होती, तिच्या भाचीच्या हाती पाटी आली आणि शिवणयंत्रही आले.

पुढची पायरी विश्वविद्यालयाने चढली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या कुलगुरू होत्या. त्यांच्याच काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. आहार, बालविकास, वस्त्र, घराची व्यवस्था हे विषय पदवीच्या अभ्यासाचे झाले. लहान मुलांसाठी चेतन बालवाडी तिथेच चालते. पुष्कळांनी त्या वेळी नाके मुरडली : स्वयंपाक काय कॉलेजात शिकायचा? आम्हांला मात्र आज वाटते की मागल्या दारच्या त्या न लिहिलेल्या ज्ञानाला पहिल्यांदा खुर्ची दिली ती या विद्याशाखेने. उशीर झाला होता, पण दिली.

आणि नेमक्या त्याच काळापासून परस आक्रसू लागले. संस्थान गेले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, दरबारी नोकऱ्या संपल्या, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. कोणी मुंबई-पुण्याला गेले. जे राहिले त्यांनी सोसायट्यांमधून टेनामेंट बांधली. तिथे मागे चार हात जागा होती. तेवढ्यात एक कढीलिंब, एक जास्वंद, एक तुळस बसली. मग त्या टेनामेंटच्याही जागी सदनिका उभ्या राहिल्या आणि चार हातांची जागा चार कुंड्यांवर आली. यात दोष कुणाचा नाही. घरात माणसे वाढली, जागेच्या किमती वाढल्या, मुले परदेशी गेली. आमच्यापैकी ज्यांनी वाडे विकले त्यांनी ते आनंदाने विकले नाहीत.

मग गेले काय? भाजी बाजारात मिळते, पत्री जुडीत मिळते, मखर तयार मिळते, मोदकही तयार मिळतात. आमच्या मते गेले ते एकत्र काम करण्याचे निमित्त. मराठी बोलण्याची जागाही त्याबरोबर गेली. शाळेत मुले इंग्रजी बोलतात, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. मराठी उरली ती जेवणाच्या ताटापुरती. ताटावरच्या बोलण्याला शब्द तरी किती लागतात? "आणखी वाढू?" आणि "पुरे." पण आळे करायचे म्हटले की खुरपे, वाफा, कोंब, डीर, काडी, खोड, छाटणी असे वीस शब्द आपोआप तोंडी येतात. मखर करायचे तर खळ, कमान, महिरप, पाट, चौरंग. नुसती शिकवून भाषा टिकत नाही. ती कामाबरोबर येते, आणि काम गेले की तिचे शब्दही पुसट होतात. महाराष्ट्राबाहेर तीनशे वर्षे राहूनही आपली मराठी टिकली याचे श्रेय आपण ग्रंथालयांना, नाटकांना, संस्थांना देतो, आणि ते द्यायलाच हवे. त्यातला एक वाटा मागल्या दाराचाही आहे.

म्हणून यंदा मंडळाच्या कुटुंबांना आमचे एक छोटे मागणे आहे. एकवीस नकोत, प्रत्येक घराने एकच पत्री आपल्या कुंडीत वाढवावी. कोणी मरवा, कोणी माका, कोणी डाळिंब. तुळस तर प्रत्येकाकडे आहेच. आघाडा सोसायटीच्या कुंपणाशी पावसात आपोआप येतो. माळ्याला तो उपटू नका एवढेच सांगायचे. धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. ती मोठ्यांनीच काढावीत, आणि मुलांना पान ओळखायला शिकवताना हात धुवायलाही शिकवावे. पुढल्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी आपापले पान घेऊन मुलांनी मंडपात यावे, नाव मोठ्याने सांगावे आणि बाप्पाला वाहावे. एकेका घराचे एकेक पान जमले तरी आपल्या सर्वांचे मिळून एक परस तयार होईल.

आणि ते पान वाहताना, फुले वेचून स्वतः एकही न माळलेल्या त्या आत्यांची आठवण कोणी तरी काढावी.

गणपती बाप्पा मोरया!