कृषी अर्थशास्त्र (विद्यापीठीय अध्ययन)

कृषी अर्थशास्त्र : जमीन, पाणी, श्रम व भांडवल यांचा शेतीतील वापर आणि शेतमालाचे उत्पादन, किंमत व विपणन यांचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची शाखा.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया गावपाहणीने घातला. हॅरल्ड मान यांचे पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचे सर्वेक्षण १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली; तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ होते (पहा : गाडगीळ, धनंजय रामचंद्र). विदर्भासाठी अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यास पंजाबराव देशमुखांचे नाव देण्यात आले (पहा : कृषी विद्यापीठे).

कृषी पदवीत हा विषय इतर विषयांबरोबर शिकवतात. विशेष अध्ययन पदव्युत्तर व आचार्य पदवीसाठी होते. शेती व्यवस्थापन, पतपुरवठा, विपणन, किंमत विश्लेषण व नैसर्गिक संसाधनांचे अर्थशास्त्र हे मुख्य घटक होत. उत्पादन खर्चाची मोजणी हा त्यांतील कळीचा भाग. 'ए-२' खर्चात बियाणे, खते, मजुरी आणि मक्त्याने घेतलेल्या जमिनीचा खंड असा प्रत्यक्ष खर्च धरतात. 'सी-२' मध्ये कुटुंबाचे श्रम, स्वतःच्या जमिनीचा अंदाजित खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही येते. कोरडवाहू कपाशीत घरचे श्रम मोठे असल्याने दोन्ही आकड्यांत बरीच तफावत पडते (पहा : कापूस).

कृषी मूल्य आयोग १९६५ मध्ये नेमला गेला. त्याचा उत्तराधिकारी आयोग किमान आधारभूत किमतीची शिफारस करताना हीच खर्चमापने विचारात घेतो (पहा : आधारभूत किंमत).