राज्यघटना हाती धरलेला राष्ट्राध्यक्ष

विसाव्या शतकातील चीनचे पुढारी म्हटले की आपल्याकडील श्रोत्याच्या डोळ्यांपुढे दोन मूर्ती उभ्या राहतात. एक माओ त्से-तुंग आणि दुसरा चौ एन-लाय. चौ एन-लाय 1954 साली दिल्लीस येऊन गेला, पंचशीलाच्या निमित्ताने त्याचे नाव आपल्या घरोघर झाले, आणि 1962 नंतर ते अगदी निराळ्या कारणाने आपल्या लक्षात राहिले. परंतु त्या 1962 साली चीनचा राष्ट्राध्यक्ष कोण होता, असा प्रश्न टाकला तर वर्तमानपत्रे नेमाने वाचणारा गृहस्थही क्षणभर थबकतो. तो ल्यू शाओ-ची. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत.

त्याचे चरित्र तारीखवार सांगण्याचा आमचा मानस नाही. एका प्रसंगापासून आरंभ करतो. 1967 च्या उन्हाळ्यातील गोष्ट. पेकिंगमध्ये पूर्वीच्या बादशाही राजवाड्याला लागून चुंगनानहाय नावाचे आवार आहे. चीनचे वरिष्ठ पुढारी तेथेच राहत. त्या आवारात, आपल्याच बंगल्याच्या अंगणात, अडुसष्ट वर्षांच्या राष्ट्राध्यक्षाला जमावापुढे उभे करण्यात आले. त्याची मान जबरीने वाकवली, हात मागे पिरगाळले, मारहाण केली. हे सारे आटोपल्यावर ल्यूने राज्यघटनेची प्रत हाती घेतली आणि समोरच्यांना विचारले की, मला पदावरून दूर केले ते कोणी? माझ्या देहाचे काय करायचे ते करा, पण हा अपमान राष्ट्राध्यक्षपदाचा आहे. आणि मी केवळ एक नागरिक आहे असे धरले तरी मला बोलू का देत नाही? त्याच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून आलेला हा मजकूर आहे. उत्तर अर्थात कोणी दिले नाही.

या प्रसंगाचे मर्म कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ती राज्यघटना 1954 ची. राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेपुढे तिचा मसुदा मांडून त्यावर अहवाल वाचला होता तो याच ल्यू शाओ-चीने. राष्ट्राध्यक्षाला दूर करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधी सभेचा, आणि न्यायालयाच्या निर्णयावाचून किंवा सरकारी अभियोक्त्याच्या संमतीवाचून कोणाही नागरिकास अटक होणार नाही, ही कलमे तिच्यात स्वच्छ लिहिलेली होती. सभेच्या स्थायी समितीचा अध्यक्षही तोच झाला. पुढल्याच वर्षी हू फेंग नावाचा एक साहित्यिक, जो त्याच सभेचा सभासद होता, साहित्याविषयी पक्षाला न मानवणारी मते मांडल्यामुळे तुरुंगात पडला. त्याचा खटला चालला तो 1965 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी! त्या वेळी समितीच्या अध्यक्षाला ही कलमे आठवली नाहीत. 1957 मध्ये लाखो सुशिक्षितांवर 'उजवे' असा शिक्का मारून त्यांना खेड्यापाड्यांत धाडले गेले, तेव्हाही आठवली नाहीत.

ल्यू हा दुष्ट मनुष्य होता असे मात्र कोणी समजू नये. हुनान प्रांतातील निंगशियांग तालुक्यात 1898 मध्ये बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. 1921 मध्ये मॉस्कोला शिकावयास गेला आणि तेथेच पक्षात आला. परतल्यावर 1922 मध्ये आन्युआनच्या कोळशाच्या खाणीतील मजुरांचा संप त्याने ली ली-सान याच्याबरोबर चालवला आणि तो यशस्वी केला. पुढे माओ डोंगराळ मुलखात लाल फौज उभारीत असता ल्यू शत्रूच्या ताब्यातील शहरांत गुप्तपणे संघटना बांधीत होता. तो वक्ता नव्हे, सेनापती नव्हे. नियम, शिस्त, नोंदी आणि बैठका यांत रमणारा तो संघटक होता. 1939 मध्ये येनान येथे त्याने चांगल्या कम्युनिस्टाने कसे वागावे यावर व्याख्याने दिली. त्यांत कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांचे दाखले आहेत, आणि पक्षासाठी अन्यायही निमूट सोसावा असा उपदेश आहे. ती पुस्तिका चीनभर पक्षाच्या पाठशाळांतून पढवली गेली.

परंतु 1945 च्या पक्षाधिवेशनात त्याने जे केले ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. पक्षाच्या नव्या नियमावलीवर तो बोलला आणि माओचे विचार हा पक्षाच्या साऱ्या कार्याचा मार्गदर्शक आहे हे तत्त्व नियमावलीत घातले गेले. माओच्या नावाचा गौरव त्या अहवालाइतका त्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल. 1956 मध्ये तो उल्लेख गाळण्यात आला खरा. पण तोवर देव्हारा मांडून झाला होता.

मग आली 1958 ची 'मोठी झेप'. तिचा उत्साही पुरस्कार ल्यूनेही केला. 1959 मध्ये लूशानच्या डोंगरावर पक्षाची बैठक भरली असता संरक्षणमंत्री पेंग ते-हुआय याने माओला खाजगी पत्र लिहून झेपेचे दोष दाखवले. माओने ते पत्र छापून सर्वांना वाटले आणि पेंगला पक्षद्रोही ठरवले. त्या प्रसंगी ल्यू माओच्या बाजूने उभा राहिला. राष्ट्राध्यक्षपदी बसून त्याला तेव्हा चारच महिने झाले होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत चीनवर जो दुष्काळ कोसळला त्याला मानवी इतिहासात तोड नाही. किती माणसे मेली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आकडे दिले जातात. 1961 च्या एप्रिलमध्ये ल्यू हुनानला गेला आणि चव्वेचाळीस दिवस खेड्यांतून हिंडला. एका डुकरांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत फळ्यांवर पेंढा घालून निजला. सामुदायिक भोजनगृहांत लोकांच्या पानात काय पडते, कोठीत काय आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. गावचे लोक आरंभी बोलावयास धजत नव्हते, कारण खरे बोलणाऱ्याची गत काय होते ते त्यांनी पाहिले होते. आपल्या जन्मगावी त्याने गावकऱ्यांची उघड क्षमा मागितली. गावातील एका शाळकरी मुलाने 'ल्यू शाओ-ची मुर्दाबाद' असे खांबावर लिहिले होते. अधिकारी त्याला शिक्षा करू पाहत होते. ल्यूने ती होऊ दिली नाही. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील हे सर्वांत उजळ दिवस.

जानेवारी 1962 मध्ये पेकिंगला सात हजारांवर अधिकाऱ्यांची परिषद भरली. तीत ल्यूने हुनानच्या शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकवले की, या संकटात निसर्गाचा वाटा तीन आणे नि माणसाचा सात. (मूळ हिशेब दहाचा आहे हे आम्ही सांगून ठेवतो, आण्यांची भाषा आमची.) त्याच उन्हाळ्यात माओ पोहत असलेल्या तलावाच्या काठी दोघांची चकमक झाली असे ल्यूच्या घरची माणसे सांगत. भुकेपायी माणसांनी माणसे खाल्ली, हे तुमच्या-माझ्या नावावर ग्रंथांत लिहिले जाईल, असे ल्यू तेथे म्हणाला. माओच्या तोंडावर असे बोलण्यास छाती लागते, आणि ती त्याने दाखवली.

पण पाहा, त्याच परिषदेत त्याने असेही सांगितले की इतर कोणाचा फेरविचार होईल, पेंगचा नाही. पेंगने तीन वर्षांपूर्वी जे लिहिले ते खरे ठरले होते. ल्यू स्वतः तेच बोलत होता. तरी पेंगवर परकीयांशी संधान बांधल्याचा आरोप आहे म्हणून दार बंद! न चौकशी, न पुरावा. हीच वाट पुढे त्याच्या घरापर्यंत आली.

बाकीची कथा थोडक्यात सांगतो. ऑगस्ट 1966 मध्ये माओने 'मुख्यालयावर तोफा डागा' असे भित्तिपत्र लिहिले. पक्षाच्या श्रेणीत ल्यू दुसऱ्या क्रमांकावरून आठव्यावर गेला. जानेवारी 1967 मध्ये त्याने माओची भेट घेऊन विनंती केली की, मला सर्व पदांतून मोकळे करा, कुटुंबासह येनानला किंवा गावी जाऊन शेती करीन. माओने वाचावयास काही पुस्तके सुचवली नि प्रकृती जपावयास सांगितले. दोघांची ती अखेरची भेट. त्याची पत्नी वांग क्वांग-मेई इंडोनेशियाच्या दौऱ्यात मोत्यांची माळ घालून मिरवली हा तिचा अपराध ठरला. एप्रिल 1967 मध्ये विद्यार्थ्यांनी टेबल-टेनिसच्या चेंडूंची माळ तिच्या गळ्यात घालून तिची विटंबना केली. त्यानंतर अकरा-बारा वर्षे ती तुरुंगात होती.

ऑक्टोबर 1968 मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ल्यूला दगाबाज, देशद्रोही आणि संपफोड्या ठरवून कायमचे काढून टाकले. संपफोड्या! आन्युआनच्या खाणीत संप जिंकून देणाऱ्याला लावलेले हे विशेषण. एकट्या छन शाओ-मिन या बाईने ठरावाच्या बाजूने हात वर केला नाही. राष्ट्राध्यक्षाला काढण्याचा अधिकार ज्या लोकप्रतिनिधी सभेचा, ती भरलीच नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या ल्यूला ही वार्ता 24 नोव्हेंबरला, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, आकाशवाणीवरून ऐकवण्यात आली.

पुढे 17 ऑक्टोबर 1969 रोजी त्याला विमानाने काईफेंगला नेले. 12 नोव्हेंबरला पहाटे तो वारला. रातोरात दहन झाले. स्मशानाच्या नोंदीत नाव घातले ते ल्यू वेई-हुआंग, आणि व्यवसायापुढे लिहिले, 'काही नाही'. घरच्यांना मृत्यूची बातमी मिळाली ती 1972 मध्ये. 1975 च्या नव्या घटनेने राष्ट्राध्यक्षाचे पदच काढून टाकले. ते परत आले 1982 मध्ये.

फेब्रुवारी 1980 मध्ये पक्षाने सर्व आरोप खोटे असल्याचे जाहीर केले. मे महिन्यात पेकिंगमध्ये शोकसभा झाली, तीत तेंग शियाओ-पिंगने भाषण केले. सभेपूर्वी काईफेंगच्या स्मशानात जाऊन, दहा वर्षांपूर्वीच्या नोंदवहीतून तो बिनव्यवसायाचा ल्यू वेई-हुआंग शोधून काढावा लागला. त्याच्या नावावर ठेवलेल्या अस्थी वांग क्वांग-मेईच्या हाती आल्या, आणि पतीच्या इच्छेप्रमाणे त्या तिने मुलांसह छिंगताओजवळ समुद्रात सोडल्या.