घटस्फोट नको, पण एकत्र राहणंही नको: ‘न्यायिक विभक्तता’ म्हणजे काय?

नवरा-बायकोचं पटत नाही, एका घरात राहणं अवघड झालंय, पण घटस्फोटाचा निर्णय होत नाही. अशा वेळी अनेकदा बायको माहेरी येते आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. मात्र नुसतं वेगळं राहणं म्हणजे कायद्याने विभक्त होणं नव्हे. जोडीदार नांदायला येण्यासाठी कोर्टात दावा करू शकतो. सलग दोन वर्षं विनाकारण सोडून गेल्याचं सिद्ध झालं, तर त्याच कारणावरून घटस्फोटही मागू शकतो.

यावरचा कायदेशीर पर्याय म्हणजे न्यायिक विभक्तता, अर्थात ज्युडिशियल सेपरेशन. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 10 मध्ये त्याची तरतूद आहे.

नेमकं काय होतं?

कोर्टाचा आदेश मिळाला की एकत्र राहण्याचं बंधन संपतं. लग्न मात्र कायम राहतं. आदेशानंतर वेगळ्या राहणाऱ्या पत्नीशी पतीने तिच्या संमतीशिवाय शरीरसंबंध ठेवले, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 67 नुसार गुन्हा ठरतो.

कोणत्या कारणांवर मिळते?

घटस्फोटासाठी असलेली कारणंच इथे लागू होतात. उदाहरणार्थ, क्रूरता, व्यभिचार किंवा जोडीदाराने दोन वर्षं सोडून जाणं. कारण सिद्ध करावं लागतं. अर्ज कुटुंब न्यायालयात करता येतो, ते नसेल तिथे संबंधित दिवाणी न्यायालयात. एरवी लग्नाला एक वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही, अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा. विभक्ततेच्या अर्जाला ही अट नाही.

घटस्फोटापेक्षा वेगळं काय?

- दुसरं लग्न: करता येत नाही. केल्यास ते रद्दबातल ठरतं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.
- वारसा: मृत्युपत्र न करता पतीचं निधन झालं, तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी वारस राहते. घटस्फोटानंतर हा हक्क उरत नाही.
- पोटगी आणि मुलांचा ताबा: यासाठी दोन्ही प्रकरणांत कोर्टाकडे मागणी करता येते.

पुढे काय?

दोन्ही वाटा खुल्या असतात. पुन्हा एकत्र यायचं ठरलं, तर आदेश रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. आदेशानंतर एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ दोघं एकत्र आले नाहीत, तर कोणालाही घटस्फोट मागता येतो.

पण तो आपोआप मिळत नाही. व्यभिचाराच्या कारणावरून पत्नीने विभक्ततेचा आदेश मिळवलेल्या एका प्रकरणात पतीने पोटगी दिली नाही, व्यभिचारही थांबवला नाही आणि नंतर स्वतःच घटस्फोट मागितला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला. स्वतःच्याच चुकीचा फायदा घेता येणार नाही, हे तत्त्व त्यामागे होतं.

इतर धर्मीयांसाठी काय?

विशेष विवाह कायदा, तसंच ख्रिश्चन आणि पारशी समाजाच्या विवाहविषयक कायद्यांतही विभक्ततेची सोय आहे. नियम मात्र वेगवेगळे आहेत. गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी कायदा लागू होतो.

त्यामुळे वेगळं राहायला लागण्याआधी किंवा लागल्यावर लवकरात लवकर वकिलाचा सल्ला घेणं हिताचं. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.