सूत्रधार आणि सुतार

बनशंकरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. बदामीजवळ तिचे मूळ ठाणे आहे. कितीतरी मराठी घराण्यांची ती कुलदेवता, आणि पौषातले शाकंभरीचे नवरात्र तिचेच. बनातली शंकरी ती बनशंकरी. बंगळूरच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यावर 1915 साली तिचे एक देऊळ उभे राहिले आणि पुढे त्या परिसरात जी विस्तीर्ण वसाहत वाढली तिला तेच नाव मिळाले. आता तेथे बन उरलेले नाही. घरे आहेत, बसगाड्यांचे स्थानक आहे, 2017 पासून मेट्रोही आहे. नोकरीतून निवृत्त झालेली माझ्यासारखी बरीच मंडळी तेथे राहतात. सकाळी बागेत फेरी, मग वर्तमानपत्र, मग औषधाची गोळी, असा आमचा दिनक्रम. पासष्टी ओलांडल्यावर त्यात मी एका गोष्टीची भर घातली. घरामागच्या पत्र्याच्या आडोशाला एक जाड फळी मांडली, तिला शेगडा बसवला आणि करवत, पटाशी व रंधा घेऊन लाकूडकाम सुरू केले.

शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले, "जुन्या कामाकडे परत वळलो आहे." बोलून गेलो खरा, परंतु त्या 'परत' या शब्दाने मला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. परत वळायला आधी तेथे असावे लागते. मी केव्हा होतो?

होतो तो एक वर्ष. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आम्हांला 'वर्कशॉप' नावाचा तास असे. त्यात लोहारकाम, कानसकाम आणि सुतारकाम यांची तोंडओळख करून देत. दोन लाकडे अर्धी अर्धी कोरून एकमेकांत बसवायची, एवढा आमचा सांधा. शिकवणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांचे अक्षर कच्चे, पण हात असा की गुण्या लावण्याआधीच काटकोन साधलेला असे. गणित शिकवणाऱ्यांना आम्ही 'सर' म्हणत असू. यांना मात्र 'मिस्त्री'. परीक्षा संपली, तेव्हा आमचे सांधे कोपऱ्यातल्या ढिगात टाकले गेले, आणि त्या तासाबरोबर मिस्त्रीही आम्ही विसरलो. पुढे चाळीस वर्षे मी यंत्रांचे आराखडे काढले. पण ती यंत्रे घडवली दुसऱ्यांच्या हातांनी.

ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर ती आकाशवाणीवरून सांगण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यामागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो एका शब्दात साठवलेला आहे. सुतार हा शब्द 'सूत्रधार' या संस्कृत शब्दापासून आला. गेरूत किंवा काजळीत भिजवलेली दोरी लाकडावर ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, की लाकडावर सरळ रेघ उमटते. ते सूत ज्याच्या हाती तो सूत्रधार. 'सुतासारखा सरळ' हा आपला वाक्प्रचार त्या दोरीची आठवण करून देतो. पूर्वी रेघ आखणारा आणि त्या रेघेवर करवत चालवणारा हे दोघे वेगळे मानलेले नव्हते. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी मंडन नावाचा थोर वास्तुकार होता. त्याने शिल्पशास्त्रावर संस्कृतात ग्रंथ लिहिले, आणि तो स्वतःला 'सूत्रधार मंडन' म्हणवत असे. युरोपातही निराळे घडले नाही. आपला 'तक्षन्' म्हणजे सुतार आणि ग्रीकांचा 'टेक्टॉन' हे एकाच कुळातले शब्द. त्या टेक्टॉनापुढे 'मुख्य' या अर्थाचा शब्द लागून 'आर्किटेक्ट' झाला. म्हणजे वास्तुविशारद हा मुळात मुख्य सुतार.

पुढे मराठीत या एका शब्दाच्या दोन वाटा झाल्या. सूत्रधार नाटकाच्या रंगमंचावर गेला. नांदी झाली की प्रथम तोच बोलतो, आणि राजकारणातही पडद्याआड सारे घडवून आणणाऱ्याला आपण सूत्रधार म्हणतो. सुतार मात्र गावात राहिला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाड्या'त बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार आहे. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके हे सारे त्याने करावे, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा आपला वाटा मागून घ्यावा. बुद्धीचा मान सूत्रधाराला आणि हाताचे बलुते सुताराला, अशी ही वाटणी झाली. शनिवारवाडा 1730 ते 1732 या काळात बांधला गेला, त्याला आपण बाजीरावाचा वाडा म्हणतो. बंगळूरच्या किल्ल्याजवळचा सागवानी खांबांचा आणि कमानींचा महाल 1791 साली पुरा झाला, तो टिपूचा महाल. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकूडकाम जळून गेले आणि तटबंदी, दरवाजे व दगडी जोती तेवढी उरली. ते लाकूड ज्यांनी घडवले त्यांची आठवण त्याआधीच पुसली गेली होती.

इंग्रजी अमलात ही वाटणी अधिक पक्की झाली. 1854 साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. त्यातून पुढे सायन्स कॉलेज झाले. तेथे शिकून बाहेर पडलेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नावाजले, म्हैसूरचे दिवाण झाले, आणि 1917 साली बंगळूरला त्यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. या शिक्षणाने देशाचे फार मोठे हित केले, यात संशय नाही. धरणे झाली, पूल झाले, बंगळूरला 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला. परंतु नव्या व्यवस्थेत सूत हे कागदावर गेले. रेघ कार्यालयात आखायची आणि लाकूड कारखान्यात कापायचे. आखणाऱ्याने कापू नये आणि कापणाऱ्याने विचारू नये, हा अलिखित नियम झाला. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती ते आखणारे झाले, ज्यांच्या घरात वाकस होता ते कापणारे राहिले. गावातल्या सुताराचे कामही कमी होत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवायला घेतला, तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने ती प्रगती होती. सुताराच्या बलुत्यातून मात्र एक घास निघून गेला.

ही फाटलेली वस्त्रे पुन्हा शिवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली बडोद्यास कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की कारागिरीचे शास्त्र लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवले पाहिजे. आपले दादासाहेब फाळके काही काळ या कलाभवनाचेच विद्यार्थी होते. तिकडे स्वीडनमध्ये नेस या गावी ऑटो सालोमोन याने 1870 च्या दशकापासून शिक्षकांना लाकूडकाम शिकवण्याची शाळा चालवली. मुलाला सुतार करायचे म्हणून त्याच्या हाती चाकू व लाकूड द्यायचे नाही, तर माणूस करायचे म्हणून, हे त्याचे तत्त्व होते. त्या तत्त्वाचा आपल्याकडचा सर्वांत धीट उच्चार 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला झाला. गांधीजींनी तेथे भरवलेल्या शिक्षण परिषदेत असे मांडले गेले, की शाळेतला उद्योग हा तोंडी लावण्याचा विषय नसावा, तोच शिक्षणाचा कणा असावा. गांधीजी हे केवळ बोलत नव्हते. 1910 साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबॅक यांच्यासह त्यांनी चाळिशीनंतर सुतारकाम आणि चपलांचे काम केले होते. तथापि नई तालीम आमच्या शहरी घरांपर्यंत पोहोचली नाही. आम्ही तिला नमस्कार केला आणि मुलांना लेखणीच्याच वाटेने पाठवले. मी काढलेला तो एक वर्षाचा सांधा म्हणजे तिची आमच्या वाट्याला आलेली जेमतेम खूण.

असो. आता पत्र्याच्या आडोशाखाली काय घडले ते सांगतो. बंगळूरच्या बाजारात विजेवर चालणारी नवी हत्यारे भरपूर मिळतात. मी मुद्दाम हाताची घेतली. त्यांत लाकडी अंगाचा एक जुना रंधाही मिळाला. रंधा हे फार प्राचीन हत्यार. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत रोमन रंधे सापडले आहेत, आणि त्यांची मूळ कल्पना आजच्या रंध्याहून निराळी नाही: एक पाते, ते धरून ठेवणारी पाचर आणि खालचा सपाट तळ. इतके साधे हत्यार पुस्तक वाचून चालवता येईल अशी माझी समजूत होती. मी रंधा फिरवला तो लाकडात अडकला. जोर केला तर पापुद्रा फाटून वर आला. लाकडाला रेषा असते, झाड ज्या दिशेने वाढले त्या दिशेची, आणि तिच्याविरुद्ध पाते चालवले की लाकूड उखडते, हे मला पाठ होते. पण त्या फळीत ती रेषा कोठे चालली आहे हे माझ्या बोटांना कळत नव्हते. एक चौरंग करायला घेतला, तो तीन महिन्यांत पुरा झाला. चार पायांपैकी तीनच एका वेळी जमिनीला टेकत.

पुढे पावसाळ्यात घराचे एक दार फुगून चौकटीत अडकू लागले. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि फुगते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र ठळकपणे. दार घासायला एक तरुण कारागीर आला. तो मूळचा राजस्थानचा, जातीने सुथार. म्हणजे त्याच्याही नावात तो जुना सूत्रधार होता, सूत्रधार मंडनाच्याच मुलखातला. काम आटोपल्यावर त्याची नजर माझ्या फळीकडे गेली. त्याने रंधा उचलला, उलटा करून एक डोळा मिटून तळावरून पात्याची कड पाहिली आणि मला म्हणाला, "सर, आधी धार लावा. मग बाकीचे." पाचर सैल करून त्याने पाते काढले, ओल्या दगडावर घासले, अंगठ्याने अलगद चाचपले, परत बसवले आणि हातोडीने रंध्याच्या अंगावर दोन हलक्या टिचक्या मारल्या. फळीवरून एकदा हात फिरवला, तिला टोक बदलून उलटी ठेवली आणि रंधा ढकलला. कांद्याच्या पातीसारखा पातळ कीस एका दमात फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाला.

त्याने मला 'सर' म्हटले आणि मला पन्नास वर्षांपूर्वीचे मिस्त्री आठवले. शिकवत होते ते, आणि त्यांना सर म्हणायला आम्ही तयार नव्हतो. आज शिकवत होता हा, आणि 'सर' मीच होतो. मी म्हटले, "उस्ताद, जरा बसा. पुन्हा एकदा दाखवा." तो संकोचला. मग खाली बसला, आपल्या कारागिरांच्या जुन्या रीतीप्रमाणे फळी पायाने दाबून धरली, आणि मीही गुडघे कुरकुरत असताना त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. त्या दिवशी त्याने मजुरी सांगितली ती मी घासाघीस न करता दिली. याआधी किती कारागिरांशी पाच-दहा रुपयांसाठी वाद घातला असेल, त्याची गणती नाही.

उतारवयात हाताच्या कामाकडे वळणारे लोक सगळीकडे आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1981 साली पदावरून उतरले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना सुतारकामाची हत्यारे निरोपाची भेट म्हणून दिली, आणि पुढे कितीतरी वर्षे ते स्वतः टेबल-खुर्च्या घडवीत राहिले. म्हातारपणी मन रमते, झोप चांगली लागते, असे फायदे या कामाचे सांगतात. ते असतील. परंतु आपल्या देशात या कामाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो टाळून चालणार नाही. मी ज्याला 'परत वळणे' म्हणालो ते वस्तुतः परत वळणे नव्हतेच. तेथे माझे घर कधी नव्हते. तेथे माझे देणे होते. ज्यांचे ज्ञान आपण शतकानुशतके नुसती 'हातचलाखी' समजत आलो आणि ज्यांना धान्याच्या वाट्यावर बोळवत आलो, त्यांच्या दारात उशिरा पोहोचलेला मी एक विद्यार्थी आहे. हौशी माणसाने चार वस्तू कराव्यात आणि पाहुण्यांना दाखवाव्यात, एवढ्याने ते देणे फिटत नाही. रंधा हाती घेतल्यावर सुताराकडे पाहण्याची आपली नजर बदलली, त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी आपल्या तोंडून सहज निघाली, त्याच्या हातच्या कामाचे मोल त्याने सांगितले तसे आपल्याला पटू लागले, तरच त्या कामाला काही अर्थ. नाहीतर तो एक करमणुकीचा प्रकार, पेन्शनीत परवडणारा.

माझा चौरंग अजून थोडा डुगडुगतो. उस्तादांनी आखडता पाय ओळखून दिला आहे. पण तो नीट करून द्यायला त्यांनी नकार दिला. "तो तुम्हीच करा," म्हणाले. बनशंकरीच्या त्या बन नसलेल्या वसाहतीत रोज सकाळी फिरून आल्यावर मी दगड ओला करतो आणि पात्याला धार लावायला बसतो. सूत कसे धरायचे हे मला थोडेफार ठाऊक होते. त्या सुतावर हात कसा चालवायचा, ते आता शिकतो आहे.