साक्षीदार गप्प का बसतो?

भांडण अख्ख्या गल्लीने बघितलेलं असतं, पण पोलीस आले की कोणीच काही बघितलेलं नसतं. असं का होतं?

ही भीती जुनी आहे. इंग्रजांनाही आपल्याच पोलिसांची खात्री नव्हती. १८७२ च्या पुरावा कायद्यात आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरली नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेत साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर त्याची सही घ्यायलाच मनाई होती. ती आजही आहे.

१९७३ ची संहिता म्हणाली, बाई किंवा पंधरा वर्षांखालचा मुलगा साक्षीदार असेल तर चौकीवर बोलावू नका, त्यांच्या घरी जा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. धोका किती, याचा अहवाल पोलिसांनी द्यायचा. मग गरजेनुसार ओळख लपवायची, कोर्टापर्यंत सोबत द्यायची.

आमच्या टीममध्ये बग सांगणाऱ्यालाच झापलं, तर पुढचा बग कोणी सांगत नाही. साक्षीदाराचंही तसंच. दरडावून फार तर जबाब मिळतो. कोर्टात तो टिकवायचा, तर बोलणाऱ्याला आधी सुरक्षित वाटायला हवं.