पर्यावरण जागृतीची तारीख कोणी ठरवायची? बीड जिल्ह्याचा एक धडा



पर्यावरण जागृतीचा कार्यक्रम आखायचा म्हटलं की आपण विषय ठरवतो, वक्ता ठरवतो, मंडप आणि माईकचं बघतो. तारीख मात्र आयतीच घेतो. एक तर ५ जून, नाहीतर जुलैचा पहिला आठवडा. आज आम्ही या तारखांचा थोडा इतिहास तुमच्यासमोर मांडणार आहोत. तो बीड जिल्ह्यातून बघितला, तर जरा वेगळा दिसतो.

५ जून ही तारीख स्टॉकहोमची. १९७२ साली त्या दिवशी तिथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद सुरू झाली, आणि पुढे तोच जागतिक पर्यावरण दिन झाला. जुलैचा वनमहोत्सव दिल्लीचा. तेव्हाचे अन्न व कृषी मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो १९५० साली सुरू केला. दोन्ही चांगलेच उपक्रम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण स्टॉकहोमला चर्चा चालली होती, त्याच १९७२ साली मराठवाड्यात दुष्काळ पडत होता. पुढचे कित्येक महिने इथली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. हाताला काम मिळालं, जीव वाचले. पण हा बांध इथेच का घातला, पाणी कुठे मुरणार, हे मस्टरवरच्या माणसाला समजावून सांगायची सोय त्या व्यवस्थेत फारशी नव्हती. लोकशिक्षण राहून गेलं ते तिथं.

आता जिल्हा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला गोदावरी, मधून गेलेली बालाघाटची रांग, पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. डोंगरपट्ट्यातल्या कोरडवाहू रानात खरिपाचं एक पीक निघतं. मग उरलेलं वर्ष काढायचं कसं? त्याचं उत्तर म्हणजे ऊसतोड. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी परत येते ती गुढीपाडवा ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, हंगाम संपेल तशी. तोवर कित्येक वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरंच मागे असतात.

या वेळापत्रकावर आपल्या तारखा ठेवून बघा. ५ जूनला शाळांना सुट्टी असते, मृग दोन-तीन दिवसांवर आलेला असतो आणि शेतकरी बी-खताच्या मागे असतो. ऐकायला येणार कोण? २६ जानेवारीला ग्रामसभा होते, पाण्याचे ठराव होतात. पण दुष्काळाची झळ ज्यांना सगळ्यात जास्त बसते, ती कुटुंबं तेव्हा उसाच्या फडात असतात. आणि मग आपणच म्हणतो, "या लोकांत जागृती नाही हो!"

अलीकडची दोन उदाहरणं सांगतो. २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्याच महिन्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, आणि निवडलेल्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं. आधी गावातल्या निवडक माणसांना प्रशिक्षण, मग जूनच्या सुरुवातीपर्यंत श्रमदान. हे दिवस टोळ्या परतल्यानंतरचे आणि पेरणीच्या आधीचे. शिकवणं आणि हातातलं काम एकत्र आलं, आणि माणसं गावात होती.

दुसरं उदाहरण पालवणचं. बीड शहराजवळच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षस्थान दिलं वडाच्या झाडाला. कल्पना मोठी सुंदर, लोकांच्या लक्षात राहिली. पण फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. शहरातली आणि शाळा-कॉलेजची मंडळी येऊ शकली. कोयत्यावर गेलेल्यांना ते शक्य नव्हतं. हा संमेलनाचा दोष नव्हे. आपण पुढचं नियोजन करताना मात्र हे ध्यानात घ्यायला हवं.

मग करायचं काय? लोकांच्या पंचांगात जागा आधीच आहेत. चैत्र-वैशाखात टोळ्या परततात, तेव्हा बांधबंदिस्ती आणि श्रमदान. ज्येष्ठात वटपौर्णिमा, बाया आपणहून वडाखाली जमतात. फांदी तोडून घरी पुजण्यापेक्षा रोप लावायची गोष्ट तिथे सहज निघते. श्रावणात गावोगावचे सप्ताह असतात. कीर्तनकाराने पाण्यावर दोन शब्द सांगितले, तर पत्रकापेक्षा लवकर पोचतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची बैठक दसऱ्याच्या आधी. जुलैत लावलेल्या रोपाला खरं पाणी लागतं ते पौषापासून वैशाखापर्यंत, आणि लावणारे हात तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे असतात. म्हणून टोळी निघण्याआधी नावानिशी ठरवायचं: कोणतं रोप कोणाच्या हवाली. मागे राहणारी आजी, शाळेतली मुलं, अंगणवाडीताई. वाटणी केली नाही तर दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो!

कार्यक्रम ठरवताना विषय नंतर ठरला तरी चालेल. आधी गावात जाऊन एवढं विचारा: तुमची माणसं घरी कधी असतात?